उन्हाळी कमाईचं रिटर्न आणि आयआरएसचे 'फ्री फाइल फिलेबल फॉर्म्स': सविस्तर परीक्षण

अमेरिकेत कॉलेजातल्या मुलाने उन्हाळाभर शेजारपाजारची लॉन कापली आणि खर्च वजा जाता चार हजार डॉलर उरले, तर त्याचा इन्कम टॅक्स शून्य येतो आणि तरीही आयआरएसला, म्हणजे तिथल्या केंद्रीय कर खात्याला, ५६५ डॉलर द्यावे लागतात. घरोघरी घोळ होतो तो इथेच. 'कमाई स्टँडर्ड डिडक्शनच्या, म्हणजे सरसकट मिळणाऱ्या वजावटीच्या, खूप आत आहे, रिटर्न भरायची गरज नाही' असं धरून सगळे निर्धास्त राहतात. पगारी नोकरीपुरतं ते बहुधा बरोबरही असतं. स्वतंत्रपणे केलेल्या कामाला मात्र फार खालची रेषा आहे: निव्वळ ४०० डॉलर. तिच्या पुढे गेलं की सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स लागतो, म्हणजे सोशल सिक्युरिटीचे (सरकारी पेन्शन) १२.४ टक्के आणि मेडिकेअरचे (ज्येष्ठांचा आरोग्यविमा) २.९ टक्के मिळून १५.३ टक्के. नोकरीत यातला अर्धा भाग मालक भरतो. इथे मालक कुणी नाही, त्यामुळे दोन्ही भाग मुलाच्या अंगावर येतात.

हे रिटर्न भरायला बाजारात सॉफ्टवेअरं पुष्कळ आहेत, पण धंद्याचा नफा-तोटा दाखवणारं शेड्यूल सी हे जोडपत्र लावलं की बऱ्याच ठिकाणी 'फुकट' हा शब्द गायब होतो आणि वरच्या आवृत्तीचे पैसे मागितले जातात. चारपाचशे डॉलरच्या करासाठी तो भुर्दंड जड जातो. आयआरएसच्या संकेतस्थळावर 'फ्री फाइल फिलेबल फॉर्म्स' नावाची सेवा आहे. अशा छोट्या रिटर्नसाठी ती किती कामाची आहे, एवढाच या परीक्षणाचा विषय. आकडे २०२५ च्या कमाईचे आहेत, म्हणजे १५ एप्रिल २०२६ ही मुदत असलेल्या रिटर्नचे.

आधी नावांचा गुंता सोडवू. 'फ्री फाइल' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली 'गाइडेड': खासगी कंपन्यांची सॉफ्टवेअरं, एकेक प्रश्न विचारत रिटर्न भरून घेणारी. तिला उत्पन्नाची मर्यादा असते (२०२४ च्या रिटर्नसाठी ती ८४,००० डॉलर होती), शिवाय प्रत्येक कंपनीच्या वयाच्या आणि राज्याच्या अटी वेगळ्या. या सेवेत आयआरएसच्या पानावरूनच शिरायचं. थेट कंपनीच्या संकेतस्थळावर गेलात तर मोफतची हमी राहत नाही. दुसरी 'फिलेबल फॉर्म्स': कागदी फॉर्म जसेच्या तसे पडद्यावर, भरा आणि ई-फाइल करा. तिला उत्पन्नाची मर्यादा नाही. आयआरएसची 'डायरेक्ट फाइल' ही तिसरी सेवा २०२४ आणि २०२५ साली चालली. तिच्यात शेड्यूल सी भरताच येत नव्हतं आणि २०२६ च्या हंगामात ती बंद आहे, तेव्हा तिचा शोध घेण्यात वेळ घालवू नका.

आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. आकडा कुठल्या ओळीतून कुठल्या ओळीत जातो हे ज्याला समजतं, त्याच्यासाठी फिलेबल फॉर्म्स उत्तम. ही सेवा कुठलीही जास्तीची आवृत्ती विकत नाही आणि हिशोब छोटाच असल्यामुळे तासाभरात काम उरकतं. पण ती तुम्हाला काहीही विचारत नाही आणि काहीही सुचवत नाही. चूक केली तर ती चूक नीटनेटकी टाइप होऊन आयआरएसकडे जाते.

भरण्याआधी पाहायच्या गोष्टी

कमाई खरोखर स्वतंत्र कामाची आहे ना, हे आधी ठरवा. मालकाने वेळ ठरवून दिली, अवजारं दिली, काम कसं करायचं तेही सांगितलं आणि वर्षाअखेर डब्ल्यू-२ (नोकराच्या पगाराचा दाखला) ऐवजी १०९९-एनईसी (स्वतंत्र कामाच्या मोबदल्याचा दाखला) हातात ठेवला, तर तो मुलगा कायद्याने नोकर असू शकतो. उन्हाळी शिबिरं, पोहण्याचे तलाव, छोटी दुकानं इथे हा प्रकार सर्रास दिसतो. अशा वेळी फॉर्म एसएस-८ पाठवून आयआरएसकडे दर्जा ठरवून मागता येतो आणि रिटर्नला फॉर्म ८९१९ जोडून फक्त नोकराच्या वाट्याचे ७.६५ टक्के भरता येतात. खर्च वजा करण्याआधीच्या ४,६०० डॉलरवर ते ३५२ डॉलर होतात. मात्र तिथे खर्चाची वजावट मिळत नाही, हेही लक्षात असू द्या. मालकाशी संबंध बिघडतील म्हणून बरेच जण हा मार्ग टाळतात. तो निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, पण मार्ग आहे हे माहीत असलं पाहिजे.

काही कामांना हा कर लागतच नाही. १८ वर्षांखालील मुलाने घरोघरी वर्तमानपत्रं टाकली तर त्या कमाईवर सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स नाही. आईवडिलांच्या स्वतःच्या मालकीच्या धंद्यात १८ खालच्या मुलाने पगारावर काम केलं तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कापायचं नसतं. तिथे त्याला १०९९ देणं हीच चूक ठरते.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न येतो तो व्हिसाचा. वर्क परमिट नसलेल्या एच-४ (कुटुंबीयांच्या) व्हिसावरच्या मुलांना पैसे घेऊन काम करायची परवानगी नसते, आणि एफ-१ वरच्या विद्यार्थ्याने परवानगीशिवाय स्वतंत्र काम करणं हा इमिग्रेशनचा गंभीर विषय आहे. करासाठी नॉन-रेसिडेंट असलेल्या विद्यार्थ्यांना साधारणपणे सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स लागत नाही आणि त्यांचा फॉर्म १०४०-एनआर असतो, जो या सेवेत मिळत नाही. हे परीक्षण नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि करासाठी रेसिडेंट असलेल्यांपुरतंच आहे.

१०९९ आला नाही म्हणजे कमाई नोंदवायची नाही, असा समज पक्का बसलेला आहे. २०२५ साठी एका ग्राहकाने ६०० डॉलर किंवा जास्त दिले तरच १०९९-एनईसी द्यायचा असतो, तोही धंद्यासाठी काम करून घेतलं असेल तरच. शेजारच्या काकूंनी आपल्या लॉनचे पैसे 'झेल' या फोन-पेमेंट सेवेने दिले तर कुणीच फॉर्म देणार नाही, पण ती कमाई शेड्यूल सीवर यायलाच हवी. २०२६ पासूनच्या पेमेंटला ही मर्यादा २,००० डॉलर झाली आहे. त्यामुळे फॉर्म आणखी कमी येतील, पण ४०० डॉलरची रेषा जागची हललेली नाही.

शेड्यूल सी

फिलेबल फॉर्म्समध्ये आधी १०४० हा रिटर्नचा मुख्य फॉर्म उघडतो आणि लागणारी शेड्यूलं आपण 'अ‍ॅड' करायची. उन्हाळी कमाईला शेड्यूल १ (इतर उत्पन्न आणि वजावटी), शेड्यूल २ (इतर कर), शेड्यूल सी आणि शेड्यूल एसई (सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सचा हिशोब) लागतात. सुरुवात सीपासून करा.

ओळ ए मध्ये कामाचं वर्णन, ओळ बी मध्ये सहा आकडी कोड. लॉन कापण्यासाठी ५६१७३०, शिकवणीसाठी ६११०००, फोटोग्राफीसाठी ५४१९२०. ओळ डी मध्ये ईआयएन, म्हणजे धंद्याचा कर-ओळख क्रमांक, मागतात. तो नसेल तर रकाना कोरा ठेवा, तिथे सोशल सिक्युरिटी नंबर घालू नका. ओळ एफ मध्ये 'कॅश' पद्धत (पैसे हाती येतील तेव्हा नोंद), ओळ जी मध्ये (कामात स्वतः सहभाग आहे का?) 'होय'. वर्षातच काम सुरू केलं असेल तर ओळ एच वर खूण.

ओळ १ मध्ये मिळालेली सगळी रक्कम लिहायची: १०९९ मधली, रोख, चेक आणि फोनवरून आलेली. आपल्या उदाहरणात ४,६०० डॉलर. त्यानंतर खर्च, आणि इथे मुलं स्वतःचं नुकसान करून घेतात. गाडीचं पेट्रोल आठवत नाही, पावत्या नाहीत, म्हणून खर्च शून्य लिहितात. खर्चाचा प्रत्येक डॉलर सुमारे १४ सेंट कर वाचवतो. इन्कम टॅक्स शून्य असला तरी वाचवतो. एका ग्राहकाकडून दुसऱ्याकडे जाण्याचे मैल २०२५ साठी दर मैलाला ७० सेंटने धरता येतात. ५०० मैलांचे ३५० डॉलर ओळ ९ वर येतात. त्यासोबत चौथ्या भागात ओळ ४३ ते ४७ भराव्या लागतात: गाडी कामाला कधी लावली, कामाचे मैल किती, इतर किती, आणि लेखी नोंद आहे का. तारीख, ठिकाण, कारण आणि मैल अशा चार रकान्यांची वही पुरते. मैलांचा दर घेतला की त्याच गाडीचं पेट्रोल आणि दुरुस्ती वेगळी धरता येत नाही. यंत्राचं पेट्रोल, ट्रिमरची दोरी, हातमोजे हे २५० डॉलर ओळ २२ वर. एकूण खर्च ६००, ओळ ३१ वर नफा ४,०००.

नवं यंत्र घेतलं असेल तर या सेवेची एक मर्यादा आडवी येते. छोट्या वस्तू एकदम खर्ची टाकायची एक सोपी सवलत आहे, पण तिच्यासाठी रिटर्नला निवेदन जोडावं लागतं आणि इथे आपला कागद जोडायची सोय नाही. त्यामुळे यंत्र फॉर्म ४५६२ वर सेक्शन १७९ (किंमत त्याच वर्षी वजा करायची तरतूद) खाली दाखवा. तो फॉर्म इथे मिळतो, रक्कम शेड्यूल सीच्या ओळ १३ वर जाते आणि परिणाम तोच होतो. फक्त निम्म्याहून जास्त वापर कामासाठीच झालेला असला पाहिजे. घरची लॉन कापायला तेच यंत्र वापरत असाल तर तेवढा हिस्सा वगळा.

शेड्यूल एसई

या सेवेतला सर्वांत समाधान देणारा भाग हा. सॉफ्टवेअर जो आकडा पडद्याआड काढतं तो इथे आपल्या डोळ्यांसमोर तयार होतो. ओळ २ वर ४,०००. ओळ ४ए वर त्याचे ९२.३५ टक्के, म्हणजे ३,६९४. मालक आपल्या वाट्याचा भाग पगाराबाहेर भरतो, त्याची बरोबरी म्हणून ही सूट. ४०० ची रेषा याच आकड्याला लावायची असल्याने प्रत्यक्षात सुमारे ४३३ डॉलर नफ्यापर्यंत हा कर लागत नाही. ओळ १० वर १२.४ टक्के, ओळ ११ वर २.९ टक्के, बेरीज ओळ १२ वर: ५६५. ओळ १३ वर त्याचा अर्धा, २८३.

आता हे आकडे पुढे न्यायचे. ४,००० शेड्यूल १ च्या ओळ ३ वर, २८३ त्याच शेड्यूलच्या ओळ १५ वर, ५६५ शेड्यूल २ च्या ओळ ४ वर. तिथून १०४० च्या ओळ ८, ओळ १० आणि ओळ २३ वर. यातले काही आकडे आपोआप सरकतात, काही 'डू द मॅथ' बटण दाबल्यावर, काही हाताने. म्हणून प्रत्येक मुक्कामावर आकडा पोचला का ते बघा. शेड्यूल २ जोडायचं राहून गेलं तर १०४० वर कर शून्य दिसतो, माणूस खूश होऊन पाठवून देतो आणि काही महिन्यांनी व्याजासकट पत्र येतं.

१०४० आणि डिपेंडंटची खूण

इथली चूक सगळ्यांत महाग पडते. मुलगा आईवडिलांच्या रिटर्नवर डिपेंडंट, म्हणजे आश्रित, असेल तर त्याच्या १०४० वर 'दुसरं कुणी मला डिपेंडंट म्हणून दाखवू शकतं' ही खूण हवीच. ती राहिली आणि मुलाचं रिटर्न आधी पोचलं, तर आईवडिलांचं ई-फाइल नाकारलं जाऊ शकतं. खूण केल्यावर स्टँडर्ड डिडक्शनही बदलतं: १,३५० डॉलर किंवा कमाई अधिक ४५०, यातलं जे जास्त ते, कमाल १५,७५०. कमाई म्हणजे इथे ४,००० वजा २८३, म्हणजे ३,७१७. त्यात ४५० मिळवून ४,१६७. करपात्र रक्कम शून्य. याचं वर्कशीट पडद्यावर येत नाही, ते सूचना-पुस्तिकेत पाहून आकडा स्वतः घालावा लागतो. गाइडेड सॉफ्टवेअर हे न सांगता करतं, आणि या बाबतीत ते नक्कीच सरस आहे.

नाव सोशल सिक्युरिटी कार्डवर आहे तस्संच लिहा. आपल्याकडे वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून येतं, कधी कार्डावर ते आडनावाला चिकटलेलं असतं. आयआरएस आडनावाची पहिली चार अक्षरं ताडून पाहतं आणि ती जुळली नाहीत तर रिटर्न परत येतं.

सही, पाठवणी आणि पैसे

सहीसाठी पाच आकडी पिन आपणच ठरवायचा असतो आणि ओळख पटवायला मागच्या वर्षीचा एजीआय (१०४० वरचं समायोजित एकूण उत्पन्न) मागतात. पहिल्यांदाच रिटर्न भरणाऱ्याने तिथे शून्य लिहायचं. रकाना कोरा सोडला तर रिटर्न नाकारलं जातं. १६ वर्षांखालच्या आणि याआधी कधीच रिटर्न न भरलेल्या मुलाला मात्र या पद्धतीने ई-फाइल करता येत नाही. त्याने फॉर्म इथेच भरावेत, छापावेत, पेनाने सही करावी आणि टपालाने पाठवावेत. ही अट सुरुवातीच्या पानावर ठळक असायला हवी होती.

पाठवल्यावर दोन ईमेल येतात. पहिल्याचा अर्थ फक्त 'पाठवलं' असा असतो. 'स्वीकारलं' किंवा 'नाकारलं' हे दुसऱ्यात कळतं, तोवर काम झालं असं धरू नका. मुदतीच्या दिवशी पाठवलेलं नाकारलं गेलं तर दुरुस्त करून पुन्हा पाठवायला पाच दिवस मिळतात.

पैसे भरायला आयआरएसचं 'डायरेक्ट पे' चांगलं आणि फुकट आहे, पण ते ओळख पटवण्यासाठी जुन्या रिटर्नमधली माहिती मागतं. ज्याने कधी रिटर्नच भरलं नाही तो तिथेच अडकतो. त्यामुळे पहिल्या वर्षी रिटर्नमध्येच बँकेचा राउटिंग नंबर, खाते क्रमांक आणि तारीख देऊन पैसे वळते करून घ्या. खाते क्रमांक दोनदा ताडून पाहा. क्रेडिट कार्डाने भरलं तर वर फी बसते. हातात पैसे नसले तरी रिटर्न वेळेत पाठवाच: रिटर्न उशिरा पाठवण्याचा दंड दरमहा ५ टक्के आहे, तर पैसे उशिरा देण्याचा दरमहा अर्धा टक्का. फॉर्म ४८६८ ने मुदत १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते, पण ती कागदांची. पैसे १५ एप्रिललाच द्यायचे असतात.

भरलेल्या पैशांचं थोडं चीजही होतं. २०२५ मध्ये दर १,८१० डॉलर कमाईला सोशल सिक्युरिटीचा एक क्रेडिट (पेन्शनच्या पात्रतेसाठी मोजला जाणारा) मिळतो, म्हणजे या मुलाला दोन मिळाले. शिवाय ३,७१७ डॉलरपर्यंत रॉथ आयआरए या निवृत्ती-बचत खात्यात टाकता येतात. कमाई दाखवलीच नाही तर हे दोन्ही नाही.

राज्याचं काय?

फिलेबल फॉर्म्समध्ये राज्याचं रिटर्न नाही, आणि ही या सेवेची खरी उणीव. टेक्सास किंवा फ्लोरिडात राहणाऱ्याला फरक पडत नाही. न्यू जर्सीत एकट्या व्यक्तीची मर्यादा १०,००० डॉलर असल्याने चार हजारांवर रिटर्न लागत नाही. नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात मात्र स्टँडर्ड डिडक्शन हा प्रकारच नाही, सरळ ३.०७ टक्के, म्हणजे १२३ डॉलर. शिवाय तिथे गावचा वेगळा कर असू शकतो. तिथलं राज्याचं रिटर्न 'मायपाथ' या सरकारी पोर्टलवर फुकट भरता येतं. राज्याचं रिटर्न गुंतागुंतीचं असेल तर 'व्हिटा' केंद्रात जा. तिथले प्रशिक्षित स्वयंसेवक तोटा नसलेलं साधं शेड्यूल सी आणि राज्याचं रिटर्न दोन्ही फुकट करून देतात. मात्र यंत्राचा घसारा असेल तर ते हात लावत नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात कमाई वाढणार असेल तर वर्षभर हप्त्याने कर भरायचा का, हा प्रश्न येतो. रिटर्नवर देणं १,००० डॉलरच्या आत असेल तर हप्ते चुकल्याचा दंड नाही. मागच्या पूर्ण वर्षी काहीच कर लागला नसेल तर त्याहून जास्त देण्यालाही नाही. पण यंदा ५६५ भरले म्हणजे कर लागला, तेव्हा पुढच्या वर्षी ही दुसरी सवलत संपली. जून ते ऑगस्टच्या कमाईचा हप्ता १५ सप्टेंबरला असतो. सोबत एखादी पगारी नोकरी असेल तर तिथल्या डब्ल्यू-४ (पगारातून कर किती कापायचा ते मालकाला सांगणारा फॉर्म) च्या ४(सी) ओळीवर जादा कपात लिहून दिली की हप्त्यांची कटकट राहत नाही.

रिटर्न स्वीकारल्याचा ईमेल आला की त्याच दिवशी सगळ्या फॉर्मची पीडीएफ उतरवून घ्या. ऑक्टोबरात हंगाम संपल्यावर या सेवेतून जुनं रिटर्न पाहता येत नाही, दर वर्षी नवं खातं उघडावं लागतं, आणि पुढच्या वर्षी सही करताना हाच ३,७१७ चा एजीआय लागणार असतो. मैलांची वही आणि पावत्या त्याच फोल्डरमध्ये निदान तीन वर्षं ठेवा.